चाळीस जणांना एक मेल

सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. सुट्टीवर असतानासुद्धा हा माणूस (किंवा ही बाई) फोनवर इतकं वाचतो तरी काय? बातम्या नाहीत, भारतातल्या नातेवाइकांचे निरोपही नाहीत. पुष्कळदा ते कमिटचे मेल असतात. मंडळातली बरीच कुटुंबं याच व्यवसायातली आहेत. त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

एका प्रोग्रॅमवर वीस-पंचवीस माणसं एकदम काम करतात तेव्हा सगळ्यांचं लिखाण एका सामायिक ठिकाणी ठेवावं लागतं. त्याला म्हणतात रिपॉझिटरी. कोणी, केव्हा, कुठली ओळ बदलली आणि का, याची नोंद तिथे होत जाते. जुन्या पेढीवरचा रोजमेळच म्हणा ना! अशी एक नोंद म्हणजे एक कमिट. नोंद झाली की बाकीच्यांना वर्दी देणारा मेल जातो. त्यात बदलणाऱ्याचं नाव, त्यानं लिहिलेलं कारण आणि खाली वजा चिन्हाच्या जुन्या ओळी, अधिक चिन्हाच्या नव्या ओळी.

मी २००४ साली एम. एस. करायला इकडे आलो आणि २००६ मध्ये नोकरीला लागलो. दोन वर्षांनी कंपनीतल्याच दुसऱ्या गटात माझी बदली झाली. हा गट अर्धा न्यू जर्सीत आणि अर्धा पुण्यात. आम्ही झोपेत असताना पुण्याचा अख्खा दिवस उलटलेला असे, आणि त्या दिवसाचा सगळा हिशोब सकाळी मेलमध्ये हजर. रिपॉझिटरी सीव्हीएस या प्रणालीत होती. तिची एक खोड अशी, की ती प्रत्येक फोल्डर वेगळं धरते. एकच बदल बारा फोल्डरांत केला की बारा मेल! त्यात साहेबांचं फर्मान होतं की सगळे मेल सगळ्यांना गेलेच पाहिजेत, लपवाछपवी नको. हेतू चांगलाच होता. पण रोज शंभरावर मेल कोण वाचणार? माझ्या आधीच्या मंडळींनी कधीच फिल्टर लावून ते एका कोपऱ्यात वळवले होते. तो कोपरा कोणी उघडत नसे.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक प्रकरण उघडकीला आलं होतं. गिऱ्हाइकांच्या बिलांत काही सेंटांचा फरक पडत होता. रक्कम क्षुल्लक, पण हजारो बिलांवर. पुण्याच्या एका मुलानं दीड महिन्यापूर्वी, करातले सुटे सेंट प्रत्येक वस्तूमागे न तोडता शेवटच्या बेरजेवर तोडायचे, असा बदल केला होता. फोनवर मीटिंग झाली. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले. "न विचारता बदललंच कसं?" म्हणून त्याला फैलावर घेतलं. तो गप्प. मी नवखा असल्यामुळे जुन्या नोंदी चाळून आलो होतो; त्याच्या कमिटखालचं कारण मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य साधारण असं होतं, की ही पद्धत अमेरिकेतल्या नियमांत बसते का ते न्यू जर्सीच्या कोणीतरी तपासून सांगावं. म्हणजे त्यानं विचारलं होतं! एकाला नव्हे, चाळीस जणांना.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "मेल तर सगळ्यांना गेला होता." तेही खरंच. त्या मुलाला त्या वर्षी बढती मात्र मिळाली नाही.

मेलची व्यवस्था नव्यानं लावायचं काम माझ्याकडे आलं. सीव्हीएसमध्ये लॉगइन्फो नावाची एक फाइल असते. कुठल्या फोल्डरात बदल झाला की काय करायचं, हे तिच्यात ओळीओळीनं लिहायचं. बिलांच्या फोल्डरचे मेल तिघांनाच लावले, दोन इकडचे आणि एक पुण्याचा. सर्वांच्या उपयोगाचा जो पायाभूत भाग होता, तो सगळ्यांना. यंत्रानं आपोआप तयार केलेल्या फाइलींचे मेल कोणालाच नाहीत. बारा मेलांचा एक करणारी छोटी स्क्रिप्टही बसवली. "आणि तिघांनीही नाही वाचलं तर?" साहेबांनी विचारलं. निदान कोणाला विचारायचं ते कळेल, एवढंच माझं उत्तर होतं.

आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात, तरी आई घरोघरी जाऊन अक्षत देऊन बोलावणं करतेच. तिला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

नेमकं कोणीतरी पाहत असलं की काय होतं, याचं उदाहरण लिनक्सचं. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सची मूळ रिपॉझिटरी बिटकीपरमध्ये होती आणि तिची एक नक्कल सीव्हीएसमध्ये ठेवलेली असे. कोणीतरी त्या नकलेत घुसून दोन ओळी टाकल्या. तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हं लागतात तिथे एकच ठेवलं होतं. दिसायला साधी हातचूक, पण तिच्यामुळे कोणाही साध्या वापरणाऱ्याला सगळ्या यंत्राची मालकी मिळाली असती. मूळ आणि नक्कल यांचा ताळा नेहमी घेतला जाई. या नोंदीला मुळात जोडीदार नाही, हे बिटकीपरचे लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आलं. मग जाणकारांनी त्या दोन ओळी वाचल्या आणि डाव कळला.

पुढे सबव्हर्जन आलं आणि संपूर्ण बदलाला एकच नोंद, एकच मेल झाला. आता सगळीकडे गिट आहे. गिटहबवर २०१७ पासून कुठल्या फोल्डरचा धनी कोण, हे एका फाइलीत लिहून ठेवता येतं. बदल आत घेण्याआधीच त्याच्याकडे तपासणीची विनंती जाते. सोय उत्तम. पण त्या फाइलीत 'सगळे' असं लिहिणारे गट मी पाहिले आहेत!

गिटमध्ये कमिट आधी आपल्याच यंत्रावर होतं आणि मागाहून एकगठ्ठा वर पाठवता येतं. त्यामुळे मेल कधीही आला तरी मूळ वेळ नोंदीत राहते, पुढे भारताचे अधिक साडेपाच तास लिहिलेले. माझ्या सध्याच्या गटातही पुण्याची मुलं आहेत. त्यांच्या नोंदींतला आकडा मी आधी पाहतो. परवा एकीची लागोपाठ चौथी नोंद रात्री अडीचची निघाली. ओळींत काही खोट नव्हती. तिला फोन लावला.