रूपाचे अभंग

पंढरपूरच्या देवळात जतन-संवर्धनाचं काम निघालं तेव्हा १५ मार्च २०२४ पासून विठ्ठलाचं पदस्पर्शदर्शन बंद होतं. ते सुरू झालं २ जूनला. मधल्या दिवसांत सकाळी काही तास फक्त मुखदर्शन. बातमी एवढीच, आणि कामही गरजेचंच होतं. पण ‘फक्त मुखदर्शन’ वाचलं आणि मला पुढचं पान उलटवेना. अण्णांनी काय केलं असतं?

अण्णांना जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. मिरजेत आम्हा मुलांना ते गाणं आणि पेटी शिकवत. जन्मापासून दृष्टी नव्हती. घर वारकऱ्यांचं, गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही. पंढरीला गेले की दर्शनबारीत उभे राहायचे, मग कितीही तास जावोत. एकदा बारीतच कुणी भल्या माणसानं सुचवलं, “अण्णा, लांबून हात जोडलेत तरी पोचतो हो देवाला. तुम्हाला काय, लांबून आणि जवळून सारखंच.” अण्णा म्हणाले, “सारखं कसं? लांबून मला देव नसतोच.”

त्यांचा देव पावलांपासून सुरू व्हायचा. पायांवर डोकं टेकतंय न टेकतंय तोच मागून सेवेकऱ्याचा हात खांद्यावर पडतो आणि माणूस पुढे सरकवला जातो. तेवढ्यात अण्णांचं सगळं पाहून व्हायचं. परत आले की सांगायचे, पावलं झिजलीत, माझ्याआधी किती लोक येऊन गेले ते हाताला लागतं. ती झीज खरीच आहे. तिच्यासाठी मूर्तीला वज्रलेप करावा लागला आहे. मला मात्र झिजलेली पावलं हे त्या देवाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. सोन्याचा मुकुट त्यानंतर.

दर एकादशीला त्यांच्या खोलीत भजन असे. वारकरी भजनाच्या रीतीप्रमाणे आधी रूपाचे अभंग. कमरेवरचे हात, माशांच्या आकाराची कुंडलं, तुळशीच्या माळा, पीतांबर. अण्णा ते इतक्या निवांतपणे गात की ऐकणाऱ्याला वाटावं, समोर बसून एकेक दागिना निरखताहेत. लहान मुलाला जे विचारता येतं ते मी विचारलं. “अण्णा, तुम्हाला तर दिसत नाही, मग हे कसं गाता?” तेव्हा मी भूप शिकत होते. ते म्हणाले, “तुला भूप दिसतो का गं? मग तू कशी गातेस?” आणि लगेच, “चल, आरोह म्हण. गंधार कालपासून उतरलाय तुझा.”

उतरलेला स्वर त्यांना सहन होत नसे. सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा घ्यायला जायचे तेव्हा मी सोबत असे. भोपळ्यावर बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, दांडीवरून तळहात फिरवायचा. मग घोडीवर तारांखाली दोरा सरकवून जवारी लागली की आतापर्यंत मुकी वाटणारी तार एकदम बोलू लागायची. त्या क्षणी अण्णांचा चेहरा मी बघत असे. मिरजेच्या वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूचे. “म्हणजे हाही तिकडूनच आला,” म्हणत ते भोपळ्याला हात लावून नमस्कार करायचे. पुढे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही २०२४ च्या मार्चअखेरच. ही बातमी त्यांना कळायला हवी होती.

त्यांच्या खोलीत दोन तसबिरी होत्या. एक विठ्ठल-रखुमाईची, दुसरी विष्णु दिगंबर पलुस्करांची. दोन्हींना हार ते स्वतः घालत. पलुस्करांची गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की कुठे आवाज चढणार आणि कुठे ते थांबून पाणी पिणार हेही आम्हाला पाठ झालं होतं. कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ चा जन्म. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळ्यांना इजा झाली. शाळा सुटली. उपचारासाठी मुलाला मिरजेला आणलं आणि पुढे तो इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. इथवर अण्णा भराभर सांगत. फटाक्यात त्यांना रस नव्हता. आम्ही हळहळलो की म्हणायचे, “डोळ्यांचं झालं, आता पुढचं ऐका.”

पुढचं म्हणजे आमंत्रणाची गोष्ट. सांगतात की मिरजेत एका समारंभाचं बोलावणं विष्णु दिगंबरांना आलं, त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, तर गवयाला कोण बोलावतं! ते त्यांच्या मनाला लागलं आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. अण्णांचा आवाज चढायचा तो इथे. त्या काळी गाणाऱ्याचं पोट राजेरजवाड्यांच्या मर्जीवर. या माणसानं गावोगाव जलसे केले, लोकांपुढे गायला आणि ५ मे १९०१ ला थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडलं. घराण्याचा, जातीचा नसलेल्या कुणालाही तिथे येऊन गाणं शिकता यावं म्हणून. वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, पुस्तकं, सगळं आलं. नीट न दिसणाऱ्या माणसानं गाणं कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली, याचं मला आजही नवल वाटतं. अण्णांना वाटत नसे. त्यांच्या मते ज्याला वाचायला कष्ट पडतात त्यालाच नीट लिहिलेल्याची किंमत कळते.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघालं, पुढे इमारत उभी राहिली, कर्ज झालं आणि त्या कर्जापायी इमारत गेली. तोवर पलुस्कर पुरते रामाचे झाले होते. १९२२ मध्ये नाशकात रामनाम आधार आश्रम, अंगावर भगवी वस्त्रं, तुलसी रामायणावर प्रवचनं. काही लोक हळहळतात की एवढा गवई भक्तीत हरवला. अण्णांना ही भाषा मुळीच मान्य नव्हती, मलाही नाही. लाहोरला शाळा काढायचं बळ जिथून आलं तिथेच ते परत गेले होते. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेतच ते गेले. इमारत राहिली नव्हती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे शिष्य होते. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आम्ही प्रारंभिक, प्रवेशिका अशा ज्या परीक्षांना थरथरत बसायचो, त्या या मंडळाच्या. इथे अण्णा पाणी प्यायचे.

आमच्या परीक्षेच्या बंदिशी त्यांनी ब्रेलमध्ये उतरवून ठेवल्या होत्या. पाटीत जाड कागद अडकवून टोच्यानं उजवीकडून डावीकडे ठिपके पाडायचे, कागद उलटला की डावीकडून वाचता येतात. सहा ठिपक्यांत सगळी बाराखडी. संध्याकाळी दिवे गेले की आमचा वर्ग अंधारात तसाच चालू राही. अण्णांची बोटं ओळीवर, आमचे गळे त्यांच्या मागे.

गावातले लोक म्हणायचे, देवानं डोळे नेले पण गळा दिला. चांगल्या मनानं म्हणायचे, तरी हे वाक्य अण्णांना आवडत नसे. गळा पहाटे चारला उठून कमावला होता, खर्ज भरून, थंडीपावसात. त्याचं श्रेय डोळे नसण्याला कशाला द्यायचं? विठ्ठलाशीही त्यांचा असला हिशोब नव्हता. डोळे मागायला ते पंढरीला कधी गेले नाहीत. भेटायला जात. मी त्यांना या एका गोष्टीसाठी फार मानते, गाण्याहूनही जास्त.

फीच्या बाबतीत ते कडक होते. कुणाचे आईवडील दयेपोटी चार पैसे जास्त देऊ लागले की ते परत करत आणि कुणी थकवले की स्पष्ट मागत. ज्याच्याकडे खरोखरच नसत, त्याच्याकडून महिन्याला एक नारळ घेत, पण घेत. गवयाला आमंत्रण नव्हतं ही गोष्ट ते उगाच सांगत नव्हते.

तुमच्या गावात, गल्लीत दृष्टी नसलेले कुणी गाणं, पेटी, तबला शिकवत असतील, तर मुलांना त्यांच्याकडे जरूर पाठवा. चांगलं शिकवतात म्हणून पाठवा. आणि फी महिन्याच्या एक तारखेला द्या.