अडीच वर्षांची रिकामी जागा

2022चा उन्हाळा. साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली होती. रहिमतपूर गेलं, मसूर गेलं, आणि मी मोबाइलवर कॅन्व्हा उघडून माझंच आयुष्य सरकवत बसले होते. टेम्प्लेट सुंदर होतं. डावीकडे गडद निळी पट्टी, तिच्यात गोल फोटो, फोटोखाली कौशल्यांचे रंगीत पट्टे. उजवीकडे वरून खाली येणारी एक रेघ आणि रेघेवर ठिपके. एक ठिपका म्हणजे आयुष्यातला एक टप्पा.

पहिला ठिपका 2017, पदवी. दुसराही 2017, पुण्यातल्या एका जाहिरात एजन्सीत ज्युनियर डिझायनर. तिसरा ऑगस्ट 2019, नोकरी सोडली. त्यानंतर रेघ नुसतीच खाली जात होती. अडीच वर्षं.

साध्या बायोडाट्यात अशी जागा लपते. चार ओळी लिहिल्या, वर्षं बारीक टाइपात टाकली, की झालं. चित्रात ती लपत नाही. दोन ठिपक्यांमधलं अंतर डोळ्यांत भरतं. ही रेझ्युमेची नवी पद्धत मला आवडली होती ती मी चित्रांची माणूस आहे म्हणून, आणि तिनेच मला उघडं पाडलं होतं.

मग मी त्या जागेत एक ठिपका टाकला. त्यापुढे लिहिलं, 'फाउंडर अँड क्रिएटिव्ह हेड'. खाली माझ्या नावाची दोन अक्षरं आणि 'स्टुडिओ'. लोगोसुद्धा बनवला, ताकारी यायच्या आत.

खरी गोष्ट अशी. आमचं सांगलीत जुन्या पेठेत छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हळदीच्या अडतीची पावतीपुस्तकं, निवडणुकीत पत्रकं, आणि आता फ्लेक्स. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि ती सगळी नदी पुढे आमच्याकडे येते. म्हणजे पाऊस सातारा जिल्ह्यात पडतो आणि पाणी सांगलीच्या दारात येतं. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. दुकानात पाणी माळ्याला लागलं. ते उतरल्यावर आत गेलो तेव्हा कागदाची रिमं फुगून पावासारखी झाली होती आणि ऑफसेट मशीनच्या रोलरवर गाळाचा थर होता. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी एक पत्रिका उचलली, तिच्यावरचा गणपती अंगठ्याने पुसला आणि ती परत खाली ठेवली.

मी पंधरा दिवसांची रजा काढून आले होते. पंधरा दिवसांनी राजीनामा पाठवला. मशीन दुरुस्त होऊन धंदा जरा उभा राहतोय तोवर मार्च 2020मध्ये लॉकडाउन लागलं. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली, पत्रिका कोण छापणार? मग मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्रिका करायला लागले. तीनशे रुपयांना एक, गाणं घातलं तर चारशे. 2021च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा मात्र मशीन सोडून सगळं आदल्या रात्रीच वरच्या मजल्यावर नेलं होतं. माझी ती अडीच वर्षं अशी गेली. यात 'फाउंडर' कोणी असेल तर ते आण्णा होते, आणि 'क्रिएटिव्ह हेड'ला शटर उघडण्यापासून सगळी कामं होती.

आता मात्र मी साताऱ्याला मामाकडे राहून नोकरी शोधत होते. आणि नोकरीच्या बाजारात 'वडिलांचं दुकान' हे दोन शब्द कसे दिसतात, हे मला दोन मुलाखतींत कळलं होतं. "म्हणजे घरीच होतात?" असं एकाने विचारलं होतं.

गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. लहानपणापासून या स्टेशनावरून किती वेळा गेलेय, पण त्या दिवशी पाटी वाचून हसू आलं. स्वतःचा ब्रँड करायची युक्ती आपल्याला अमेरिकेने शिकवली असं आपण समजतो. टॉम पीटर्सचा 'द ब्रँड कॉल्ड यू' हा गाजलेला लेख 1997चा. त्याच्या सत्त्याऐंशी वर्षं आधी, 1910मध्ये, औंध संस्थानच्या या माळावर, कुंडल रोड नावाच्या स्टेशनाशेजारी, एका माणसाने कारखाना आणला आणि पुढे स्टेशनालाही त्याचंच आडनाव लागलं.

पण मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा रेझ्युमे या टेम्प्लेटमध्ये कसा बसला असता? मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, म्हणून रंगकाम सोडून यंत्रांची ड्रॉइंग शिकले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, ती नोकरीही सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. आणि नांगर तयार झाला तर लोखंडाने जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी तो घेईनात. ठिपक्यांची रेघ काढली तर मधली मोकळी जागाच जास्त दिसली असती. आजचा एखादा एचआर म्हणाला असता, 'कॅन्डिडेटला फोकस नाही.'

या घराण्यात चित्राची ताकद ओळखणारा आणखी एक माणूस होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. ते चित्रकला शिकलेले होते. कारखान्याच्या जाहिरातींचं काम त्यांच्याकडे होतं. 1920मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती देणारं पत्रक म्हणून निघालेल्या त्या अंकाचं पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं, आणि 1930मध्ये 'स्त्री', 1934मध्ये 'मनोहर' अशी भावंडंही आली. पण जाहिरात कितीही देखणी असली तरी मागे नांगर होता. तो जमिनीत घालून बघता येत होता.

माझ्या ठिपक्यामागे स्टुडिओ नव्हता. नांगर होता, पण मी त्याचं नाव खोडलं होतं.

घरी पोचले. रात्री जेवताना आण्णांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि प्रूफ वाचतात तसं वरून खाली वाचत गेले. माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बायोडाटे वाचत आलाय. लग्नाचे. वर 'श्री गणेशाय नमः', मग जन्मवेळ, उंची, वर्ण निमगोरा, मामांचं नाव व गाव, अपेक्षा. आमच्याकडे पोरं पगाराचा आकडा वाढवून लिहून आणायची तेव्हा आण्णा हळूच सांगायचे, "एक शून्य कमी करा, पुढं कुणीतरी विचारतंच."

ते पट्ट्यांपाशी थांबले. "मराठी पंच्याण्णव टक्के? हे कुणी तपासलं?"

"असं लिहायची पद्धत आहे आण्णा."

"मग उरलेलं पाच टक्के कुठलं येत नाही?"

मला उत्तर आलं नाही. ते खाली सरकले, स्टुडिओच्या ठिपक्यापाशी आले. जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे दुकान कुठं काढलंस गं?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की मी त्यांना न सांगता दुसरीकडे काही सुरू केलं होतं. मी सांगितलं, ते आपलंच आहे, फक्त नाव जरा बदललंय, बरं दिसावं म्हणून. आण्णांनी फोन माझ्याकडे दिला. "बरं दिसतंय," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आई ताटं उचलत होती. ती म्हणाली, "पुरात पाटी वाहून गेली तेव्हा दुसरी रंगवून आणायला पहिले पैसे काढले होते त्यांनी. मशीनच्या आधी."

मी तोच रेझ्युमे दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी पाठवला. हे मी लपवणार नाही. एका रात्रीत माणूस सुधारत नाही. तिन्हीकडून काही आलं नाही. त्यातल्या एका कंपनीच्या पोर्टलवर फाइल चढवल्यावर 'तुमची माहिती तपासा' असं पान आलं होतं. नावाच्या चौकोनात माझा फोन नंबर, अनुभवाच्या चौकोनात 'मराठी इंग्रजी हिंदी', आणि खाली बरंच रिकामं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, कारण हा आजार मी दुकानात पाहिलेला होता. आमच्या जुन्या फाइली जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर नितळ मराठी दिसतं. तोच मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कारण त्या फाइलीत 'क' साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं इंग्रजीचं एखादं अक्षर, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा घालतो. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो, कुठेही न्या. माझा रेझ्युमे त्या जुन्या फाइलीसारखा झाला होता. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला मजकूर लागतो. अक्षरांचं चित्र झालं असेल तर ते त्याला दिसत नाही, दोन रकाने असतील तर ते कधीकधी आडवं वाचत जातं, आणि रंगीत पट्टा म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही.

मग मी काम दोन भागांत केलं. एक पान अगदी साधं. एकच रकाना, सरळ मथळे, युनिकोड मजकूर, निवडून कॉपी होईल अशी पीडीएफ. ते यंत्रासाठी, आणि घाईतल्या माणसासाठी. त्यात वर एक लिंक. लिंकवर माझं ऑनलाइन पान, तिथे चित्रं. पट्टे काढून टाकले. जे येतं त्याच्या जागी केलेलं काम ठेवलं: हळदीच्या व्यापाऱ्याचं पावतीपुस्तक आधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सहा पत्रिका, फ्लेक्सवर बावीस चेहरे बसवायचे असतील तर कुणाचाही मान दुखावणार नाही अशी मांडणी कशी करायची. हे शेवटचं वाचून लोक हसतात, पण त्याहून अवघड ले-आउट मी पुण्यात केलेला नाही.

आणि अडीच वर्षांच्या जागी दुकानाच्या भिंतीचा फोटो लावला. माळ्याजवळ गाळाची तपकिरी रेघ आहे, आण्णांनी रंग देताना ती मुद्दाम ठेवली. फोटोखाली दुकानाचं खरं नाव, आणि एक ओळ: 'पुरानंतर वडिलांचं छपाईचं दुकान पुन्हा उभं केलं, आणि कागदावरचं काम मोबाइलवर आणलं.'

पुढच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी पान वर सरकवलं आणि त्या फोटोवर थांबल्या. "पाणी किती दिवस होतं?" त्यांनी विचारलं. पुढची दहा मिनिटं आम्ही ओल्या कागदाबद्दल बोललो. ती नोकरी मिळाली नाही, त्यांना व्हिडिओ एडिटिंग येणारं माणूस हवं होतं. दोन महिन्यांनी दुसरी मिळाली. भिंतीच्या फोटोमुळे मिळाली असं म्हणता येणार नाही. पण त्या मुलाखतीत पहिल्यांदा कुणी त्या वर्षांबद्दल विचारेल याची मला भीती वाटली नाही.

नवीन पान आण्णांना दाखवलं. ते भिंतीच्या फोटोपर्यंत आले, दुकानाचं नाव वाचलं, त्यातली वेलांटी बरोबर आहे ना ते बघितलं. मग म्हणाले, "माझं पण कर की एक असलं."

सध्या ते चाललंय. रविवारी मी सांगलीला जाते, ते सांगतात, मी लिहून घेते. खिळे जुळवायला शिकले ते, ट्रेडल मशीन, ते भंगारात गेल्यावर ऑफसेट, मग कॉम्प्युटर. दोनदा शिकलेलं सगळं वाया गेलं आणि दोनदा नव्याने शिकले. मी चेष्टेने म्हटलं, "कंपोझिंगपुढे शंभर टक्के टाकू का?"

"नको," म्हणाले. "खाली एक ओळ ठेव. चूक आढळल्यास कळवावे."