ढोली

माझ्या गॅलरीत डाळिंबाचे एक बोन्साय आहे. उंची जेमतेम दीड हात. बुंधा मात्र दोन्ही मुठींत मावणार नाही एवढा. त्याची डावी बाजू सालीने झाकलेली आहे आणि सगळ्या फांद्या तिच्यावरच आहेत. उजवीकडे करडे, उघडे लाकूड दिसते. त्या लाकडात बुंध्यापासून वीतभर उंचीपर्यंत ढोली आहे. नवा पाहुणा हमखास विचारतो, "हे झाड अर्धे मेले आहे का?" मी "हो" म्हणते. हे एवढेसे उत्तर सहजपणे देता येण्यास मला बराच काळ लागला.

झाड मुळात माझ्या थोरल्या भावाच्या बागेतले. सांगोला तालुक्यात दादाची तीन एकर डाळिंबाची बाग होती. तिच्यावर तेल्या आला. हा जीवाणूजन्य रोग दमट, पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि कवडीमोल होते. दोन हंगाम दादाने झुंज दिली. तिसऱ्या वर्षी जेसीबी लावून सगळी बाग उपटली. दिवाळीला मी गेले तेव्हा बांधावर खोडांचा ढीग पडलेला होता. पुण्यात मी नुकतीच बोन्साय शिकू लागले होते. त्या ढिगातले एक खोड मी मागितले. दादा मान वर न करता म्हणाला, "ने की. जाळायचंच हाय."

रोगट फांद्या छाटून, मुळांची माती धुऊन मी ते खोड कुंडीत लावले. फाल्गुनात त्याला कोंब फुटले, पण फक्त एका बाजूने. यंत्राने ओढताना उजवीकडची मुळे तुटली होती. डाळिंबात एका बाजूचे मूळ गेले की त्याच बाजूची साल पुष्कळदा वरपर्यंत सुकत जाते. तसेच झाले. शिवाय छाटणीच्या एका जुन्या जखमेतून कुजणे आधीच आत शिरलेले होते. वर्षभरात सुकलेली साल गळून पडली आणि आतली पोकळी उघडी झाली.

बोन्सायच्या कलेत मृत लाकडाला मानाचे स्थान आहे, हे मला ठाऊक होते. सुकलेल्या फांदीला जपानी भाषेत 'जिन' म्हणतात, खोडावरील सालविरहित पट्ट्याला 'शारी'. परंतु हा मान प्रामुख्याने जुनिपर, पाइन अशा सूचिपर्णी झाडांचा. त्यांचे लाकूड राळेमुळे लवकर कुजत नाही; मेल्यावरही ते दीर्घकाळ टिकते. पानझडी झाडांचे लाकूड ओलाव्यात लवकर कुजते. म्हणून मेपलसारख्या झाडांची सुकी फांदी काढून टाकावी आणि तिची जखम सालीने पूर्ण झाकली जाईल असे पाहावे, अशी तिथली जुनी शिस्त आहे. माझ्या मनाने त्या शिस्तीतून एवढेच घेतले, की पानझडी झाडाची पोकळी हा दोष आहे आणि दोष झाकला पाहिजे. मी ढोलीत सिमेंट भरले आणि वरून सालीच्या रंगाचा हात फिरवला. लांबून पाहता झाड अखंड दिसू लागले.

त्या काळात दादा कधी औषधोपचारासाठी, कधी मुलाच्या प्रवेशासाठी पुण्याला येई. तो पावसाविषयी बोले, नातेवाइकांविषयी बोले, बागेविषयी चकार शब्द काढत नसे. कुणी चुकून डाळिंबाचे नाव काढलेच, तर आम्ही लगेच विषय बदलत असू आणि त्याला समजूतदारपणा म्हणत असू.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी दादा चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होता. त्याने त्या खोडावर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला. "आतनं कुजतंय हे," तो म्हणाला. "बुजवलंस कशाला? पानी आत मुरतंय, भाईर यायला वाट न्हाई."

तो परत गेल्यावर मी सिमेंट फोडले. मागे ओला, तपकिरी भुसा झाला होता. मग मी वाचू लागले. अमेरिकी वनवैज्ञानिक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९७०च्या दशकात एक सिद्धान्त मांडला: माणसाच्या शरीराप्रमाणे झाडाची जखम बरी होत नाही. जखमी लाकूड पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्याच्याभोवती तटबंदी उभारते आणि तिच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. झाडाचा जीव असतो तो सालीखालच्या पातळ थरात आणि त्याला लागून असलेल्या कोवळ्या लाकडात. खोडाचा जुना गाभा बहुतांशी मृतच असतो. म्हणून ढोली पडलेली झाडेही शतकानुशतके जगू शकतात. पोकळ नळीही बळकट असते. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाची पोकळी मधोमध पडली, तरी गोल खोडाची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता सोळाव्या हिश्शानेच घटते. मोठ्या झाडांच्या ढोल्यांत सिमेंट भरण्याची पद्धतही जाणकारांनी आता सोडली आहे. ते भरताना आणि आत साफ करताना झाडाने उभारलेली तटबंदीच अनेकदा मोडते.

मी फक्त भुसभुशीत झालेले लाकूड काढले आणि कठीण लाकूड लागताच हात थांबवला. ढोलीच्या तळाशी पाणी निघून जाईल अशी वाट ठेवली. लाकूड वाळल्यावर चुना-गंधकाचे द्रावण लावले. त्याने लाकूड पांढरेफटक होते. ते पानझडी झाडाला शोभत नाही, म्हणून त्यात थोडी काळी शाई मिसळली. पुढे कळले, की जपानी परंपरेतही या शिस्तीला अपवाद आहेत. जर्दाळूच्या कुळातले 'उमे' हे झाड थंडी सरण्यापूर्वीच, पाने येण्याआधी फुलते. त्याचे खोड जितके जीर्ण आणि पोकळ, तितका त्याचा मान मोठा. पिळदार खोडाच्या डाळिंबाचेही तिथे कौतुक आहे.

गेल्या पौषात दादा आला. उघडी ढोली त्याने बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाला, "हिला बहार कवा धरलास?" मी म्हटले, मला ते येत नाही. तो खुर्ची ओढून बसला. पाणी कसे तोडायचे, पाने पिवळी पडून गळू कशी द्यायची, मग पहिले पाणी कधी सोडायचे, सगळे त्याने सांगितले. "कुंडी हाय, म्हनून चूळभर देत ऱ्हा. साफ तोडू नगंस." बोलता बोलता तो आपल्या बागेच्या पहिल्या आंबे बहाराविषयी सांगू लागला, मग तेल्याच्या पहिल्या डागाविषयी, आणि जेसीबी आला त्या दिवसाविषयी. मी विषय बदलला नाही. चहा निवून गेला.

फाल्गुनात झाडाला सात फुले आली. मी फोनवर सांगितले, तेव्हा दादा म्हणाला, "एकच फळ ठिव. अर्ध्या झाडाला तेवढंच झेपंल."

मी एकच ठेवले आहे.