पावसाआधी चेसिस बघून घे

कल्याण,
चैत्र अखेर

प्रिय दिग्या,

तुझं पत्र मिळालं. मिशिगनमध्ये जुनी पिकअप घेतलीस, फार बरं वाटलं. आणि रंग, टायर, स्टिरिओ सोडून आधी चेसिसच्या गंजाचं विचारलंस, याचं तर कौतुकच वाटलं. इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं, केबिनचा पत्रा बदलता येतो, हौदा नवा बांधून मिळतो. चेसिस गेली की गाडी गेली. आमच्याकडे कागदोपत्रीही गाडीची ओळख म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर.

तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आमच्या खाडीकाठी मीठ टाकावं लागत नाही, ते असतंच. मुंबईच्या धक्क्यांवरून मासळी आणणाऱ्या पिकअप आठव. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी वाटभर चेसिसवर गळत असतं. मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून खाडीची ओली रेती वाहिलेल्या गाड्यांचंही तेच. त्यात आमची डोंबिवलीची एमआयडीसी, म्हणजे रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिथला २०१४ चा हिरवा पाऊस आणि २०२० चा गुलाबी रस्ता तूही बातम्यांत पाहिला असशील. शिवाय कारखान्यांत गंधक असलेलं इंधन जळलं की निघणारा वायू ओल्या हवेत आम्ल होतो आणि पत्र्यावर बसतो.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एवढंच लागतं. पाण्यात मीठ उतरलं की त्यातून वीज सहज वाहते आणि लोखंड झपाट्याने झिजतं. पण दिग्या, धो धो पावसात भिजून लगेच सुकणारी चेसिस मी फारशी सडलेली पाहिली नाही. सडते ती जिथे ओल अडकून बसते तिथे. म्हणून तू गाडीखाली शिरलास की आधी चिखल शोध. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी, केबिनच्या मागच्या सांध्यात, स्टेपनीच्या वर, डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली, आडवा क्रॉस मेंबर जिथे लांबीच्या लाँग मेंबरला जोडलाय त्या कोपऱ्यात. वरून कोरडा दिसणारा चिखलाचा थर आतून कित्येक दिवस ओला असतो.

२६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी चढलं, तेव्हा या पट्ट्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. वरचा गाळ लोकांनी धुतला, पण पोकळ भागांत शिरलेला गाळ सहसा कोणी काढत नाही. आमच्याकडच्या ट्रकची चेसिस बहुधा उघड्या चॅनेलची असते, हात घालून साफ करता येते. तुझ्या गाडीची चेसिस बंद पेटीसारखी असेल तर ती आतून गंजत बाहेर येते आणि भोक पडेपर्यंत कळत नाही. टोयोटाचंच उदाहरण तुमच्या देशातलं आहे. टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चेसिस गंजल्या म्हणून खटला झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. तेव्हा निचऱ्याची भोकं तारेने मोकळी कर आणि आत पाइप घालून साध्या पाण्याने धू, बाहेर स्वच्छ पाणी येईपर्यंत.

आमच्याकडे या कामाचा हंगाम हाच, एप्रिल-मे. ऊन कडक, हवा त्यातल्या त्यात कोरडी, चेसिस खोलवर वाळते. १ जूनला मासेमारी बंद होते, कोळी बांधव होड्या ओढून शाकारून ठेवतात. गाडीवाल्यांचं कामही त्याच्या आत उरकलेलं बरं. तुझ्याकडे ही वेळ उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिला बर्फ पडायच्या आधी.

धुऊन चांगली वाळली की हातोडीने हलकं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तिथे रंग लावून झाकू नकोस, चेसिसचं काम जाणणाऱ्या वेल्डरला दाखव. लाँग मेंबरला वाटेल तिथे ठिगळ जोडणं जिवावर बेततं. बाकी ठिकाणी वायर ब्रशने सुटा गंज काढ. खाचांत राहिलेल्या पातळ गंजाला फॉस्फरिक आम्लाचं कन्व्हर्टर लाव, म्हणजे त्याचा फॉस्फेटचा घट्ट थर होतो. जाड पापुद्र्यावर मात्र ते काही करत नाही. मग प्राइमर. आमच्याकडे सर्रास रेड ऑक्साइड मारतात आणि तिथेच थांबतात. नुसत्या प्राइमरमधून ओल आत शिरते, त्यावर रंगाचा हात हवाच. झेपत असेल तर इपॉक्सी प्राइमर घे. डांबरी अंडरकोट जुन्या गंजावर अजिबात नको. त्याला एक चीर गेली की पाणी आत कोंडतं आणि बाहेरून सगळं काळंभोर, छान दिसत राहतं. पोकळ भागांत मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा उत्तम. ब्रेक, सायलेन्सर आणि रबरी होज तेवढे झाकून घे. आणि जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस, स्टँड लावच.

चेसिस नंबरवर जाड थर चढवू नकोस, हे आमच्याकडे प्रत्येक गाडीवाल्याला सांगावं लागतं. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी आरटीओ पासिंग असतं. नंबर गंजाने खाल्ला असेल तर गाडी धडधाकट असूनही मालकाच्या मागे कागदांचा ससेमिरा लागतो. तिथे ग्रीसचा पातळ हात पुरतो.

आणि जळकं ऑइल चोपडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. इथे तो फार चालतो. त्याने रबरी बुश खराब होतात, धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात ते तेल गटारातून उल्हासमध्ये जातं. कल्याण-डोंबिवली पाणी पिते ते उल्हासचंच. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइलही धरलंय, ते उगाच नाही. गाडी वाचवायला नदी खराब करणं मला पटत नाही.

मला हे सगळं इतकं का लागतं, सांगू? इथे एका जुन्या पिकअपवर अख्खं घर चालतं: भाजी, फुलं, फर्निचर, गणपती, सगळं तिच्यावरच. ती आणखी काही वर्षं धावली तर नव्या गाडीचं कर्ज तितकी वर्षं पुढे जातं, मुलांच्या फीला पैसे राहतात. त्यासाठी लागतं काय, तर वर्षातून दोन दिवस गाडीखाली झोपायची तयारी आणि ओल कुठे अडकते हे बघणारी नजर. तुझी तुकडा न् तुकडा खोलून बघायची सवय मला ठाऊक आहे, तुला हे अवघड नाही.

हिवाळाभर गाडी बाहेर काढशील तेव्हा आठवड्यातून एकदा खालून धूत जा. आणि आतल्या बाजूचे फोटो पाठव, पाट्यांच्या हँगरचे आधी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू