सावड

मोटार बंद पडली की आत बसलेल्या माणसाचा तोरा एकदम उतरतो. तोवर तो काचेआडून जगाकडे पाहत असतो; आता जग त्याच्याकडे पाहू लागते. शहरात हे पाहणे फार वेळ चालत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, चरफडतात आणि वळसा घालून निघून जातात. डोंगरातल्या रस्त्यावर मात्र मागे कोणीच नसते. तिथे हॉर्न नाही, चरफड नाही आणि मदतीची आशाही नाही, असे आपल्याला वाटते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची ठेवण एकच. पूर्वेला पुणे-नाशिक रस्ता, नारायणगाव आणि मंचरच्या बाजारपेठा, ऊस, द्राक्षे, टोमॅटो. पश्चिमेला सह्याद्रीची धार, नाणेघाट, भीमाशंकर, पावसावरचा भात, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. पाऊस पश्चिमेला पडतो. त्याचे पाणी माणिकडोह, डिंभे अशा धरणांत अडते आणि कालव्यांतून पूर्वेला जाते. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याने घेतले, ते मूळ गावच डिंभ्याच्या जलाशयात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. पाण्यामागोमाग माणसेही उतरतात. भाताची कामे आटोपली की वाड्यांतली तरणी माणसे रोजगारासाठी पूर्वेकडच्या मळ्यांवर जातात. पाणी खाली जाते, माणसे खाली जातात. खालून वर काय येते, हे मला २००३ सालच्या जुलै महिन्यात कळले.

वडिलांना घेऊन मी भीमाशंकरहून परतत होतो. मोटार पेट्रोलवरची, जुनी. तळेघर मागे पडले होते, पोखरीचा घाट अजून यायचा होता. पाऊस असा की काचेवरचा पुसणारा हात हलतो आहे, एवढेच कळावे. एका ठिकाणी ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. त्यातून मोटार पार झाली, चार वाव पुढे गेली आणि गप्प झाली.

वडिलांना दम्याचा जुना विकार. गार वारा आणि ओल यांनी त्यांना सकाळपासूनच धाप लागली होती. खिशातला औषधाचा फवारा संपत आला होता. मी किल्ली फिरवत होतो. इंजिन घरघरे, पण पेट घेईना. दर खेपेला घरघर मंदावत चालली आणि शेजारी वडिलांच्या छातीतली घरघर वाढत चालली. त्या दोन आवाजांखेरीज मला काही ऐकू येत नव्हते. मोबाईल फोन त्या काळी त्या डोंगरात मुका होता.

रस्त्याखालच्या खाचरात आवणी चालली होती. आठदहा माणसे, पाठीवर इरली, कमरेत वाकलेली. त्यांतला एकजण सरळ उभा राहिला आणि चिखलाचे पाय घेऊन बांधावर आला. तिशीचा असेल. त्याने मला काही विचारले नाही. आधी खिडकीतून वडिलांकडे पाहिले.

“बाबांना वर वाडीत न्या. चुलीपाशी ऊब हाय,” तो म्हणाला, आणि मग मला, “दादा, आता किल्ली नका फिरवू. बॅटरी बसंल.”

दोघांनी वडिलांना आधार देऊन रस्त्यालगतच्या घरात नेले. इकडे त्याने बॉनेट उघडले आणि दुसऱ्याला आपले इरले त्यावर धरायला लावले. डिस्ट्रिब्यूटरची टोपी सोडवून त्याने ती उलटी केली. आत दवासारखे बारीक थेंब होते. “बघा, ठिणगी हितंच मरती. डिझेलला ठिणगी लागत नाय, म्हणून टॅक्टर पाण्यातनं जातो. पेट्रोलला लागती.” नारायणगावच्या एका गॅरेजात त्याने दोन वर्षे हाताखाली काम केले होते. खालून वर आलेले ते हेच होते.

टोपी पुसायला कोरडे फडके हवे होते आणि आम्हां सगळ्यांत कोरडा धागा नव्हता. तो ती टोपी घेऊन घरात गेला. घरातल्या म्हाताऱ्या आजीने मडक्यामागे ठेवलेले जुने लुगड्याचे फडके काढून दिले. टोपी पुसून चुलीजवळ, पण आचेपासून हातभर दूर, तो फिरवत राहिला. जास्त तापली तर तडकेल म्हणाला. त्याच चुलीसमोर वडील गरम पाण्याचे घोट घेत बसले होते.

टोपी बसवली, पण बॅटरी उतरली होती. तेव्हा त्याने खाचराकडे तोंड करून हाक दिली. आवणी थांबली. रोपांच्या मुठी बांधावर ठेवून सगळे वर आले, बायासुद्धा. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो. ढकलता ढकलता मोटारीने वेग घेतला, तो ओरडला, “सोडा!” मी क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन पेटले.

वडिलांना आत बसवून मी खिशात हात घातला. तो मागे सरला.

“रोजानं आलो असतो तर घेतलं असतं. नारायणगावला घेतोच की. ह्यो काय रोज नाय.”

नाव विचारले तर हसला. “वाडी कळली ना? बास.”

मंचरला इस्पितळात वडिलांना त्याच रात्री आराम पडला. बोलता येऊ लागल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, “त्यांच्या आवणीचा तास मोडला.” ते ओतूरकडच्या शेतकऱ्याचे पोर. त्यांनीच मला समजावले की ते आठदहा जण एका घरचे नव्हते. आज एकाच्या खाचरात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. पैसा नाही, श्रमाची फेड श्रमाने. ही सावड. डोंगरउतारावर बांध घालून नवी भातखाचरे काढायची, तीही याच रीतीने. त्या कामाला तिकडे पडकई म्हणतात. एकट्या घराच्या हातून उतार सपाट होत नाही.

पण सावडीत हिशेब असतो. ज्याच्या खाचरात आपण राबलो, तो आपल्या खाचरात येतो. माझे तिथे खाचर नव्हते आणि मी परत येईन अशी कोणाची समजूत नव्हती. रोज म्हणजे काय आणि सावड म्हणजे काय, हे त्या माणसाला नेमके ठाऊक होते. दोन्ही त्याने केलेली होती. तरी त्याने आम्हांला सावडीत घेतले.

३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. ही गोष्ट बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती एका एस.टी. चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्याला गावाच्या जागी चिखल दिसला आणि त्याने खबर दिली. ती बातमी वाचताना मी मृतांच्या नावांवरून नजर फिरवली. मग ध्यानात आले, मला शोधायला नावच नाही. वाडी तेवढी ठाऊक होती, आणि ती वेगळ्या खोऱ्यातली. जीव खाली पडला. पण ज्यांची नावे होती तेही कोणाच्या तरी सावडीतले होतेच.

आताच्या मोटारींत ती टोपी राहिली नाही. ठिणगीचे काम इलेक्ट्रॉनिक्सने घेतले आहे आणि बॉनेट उघडले तरी हात घालायला जागा सापडत नाही. फोन केला की मोटार ओढून न्यायला गाडी येते आणि तिचे बिल येते. ते रास्तच आहे. तो रोज आहे. वडील २०११ साली गेले. त्या तासाची फेड त्यांनीही केली नाही, मीही नाही. आणि ती करायला कोणते खाचर गाठावे, हे त्या माणसाने मला कळू दिले नाही.