पावतीवरचा अंगठा

माझ्या आमदारकीतली सर्वांत मोठी चूक धरणग्रस्तांच्या चेकवाटपात झाली. तिची किंमत मला मोजावी लागली नाही, बुडीत क्षेत्रातल्या खातेदारांनी मोजली. म्हणून ती घडली तशी लिहून ठेवतो आहे.

जिल्हा परिषदेतून मी विधानसभेत गेलो तेव्हा कृष्णा खोऱ्यात धरणांची घाई उडाली होती. बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि त्या निवाड्याचा फेरविचार २००० सालानंतर होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, असं आम्ही सभासभांतून सांगत होतो. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोख्यांतून पैसा उभा राहिला आणि रखडलेल्या भिंती वर चढू लागल्या. माझ्या मतदारसंघातल्या धरणाची घळभरणी करायचं ठरलं. त्याआधी बुडीत गावांचा मोबदला वाटून व्हायला हवा होता.

लाभक्षेत्रातली गावं जास्त, मतंही जास्त. बुडीत गावं मोजकी, डोंगराच्या कडेची, आणि पुनर्वसन झालं की त्यातली बरीचशी दुसऱ्या तालुक्याच्या मतदारयादीत जाणारी. हे गणित मी कधी मोठ्यानं बोललो नाही. पण अधिकाऱ्याला फोन करताना, दौरा आखताना, सभागृहात काय मांडायचं ते ठरवताना ते डोक्यात असायचंच. उसाच्या पाण्यावर मी लक्षवेधी लावल्या. धरणग्रस्तांच्या संकलन रजिस्टरातून वगळलेल्या नावांवर एकही लावली नाही.

चेकवाटप गावच्या शाळेच्या व्हरांड्यात झालं. ते माझ्या हस्ते व्हावं हा आग्रह माझाच होता. टेबलावर खातेदारांची यादी, पावत्यांचा गठ्ठा, रेव्हेन्यू तिकिटं आणि जांभळ्या शाईचा पॅड. तलाठी नाव पुकारायचा, माणूस पुढे यायचा, पावतीवर सही किंवा अंगठा करायचा, मग मी चेक द्यायचो आणि फोटो निघायचा. नदीकाठची सगळी बागायत जाणार होती असे एक म्हातारे गृहस्थ पावती हातात घेऊन थांबले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"साहेब, ह्यात काय लिवलंय?"

"पैसे मिळाल्याचं लिहिलंय, तात्या. करा अंगठा, मी आहे की."

तलाठ्यानं त्यांचा अंगठा पॅडवर दाबला आणि पावतीवर टेकवला. मागच्या रांगेनं माझं बोलणं ऐकलं होतं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

मी स्वतः ती पावती वाचलेली नव्हती. १८९४च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटला तर कलम १८खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत न्यायालयात वाढ मागता येत असे. मुदत तोकडी होती. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला जेमतेम सहा आठवडे मिळत. कलम ३१मध्ये आणखी एक अट होती. ज्यानं निषेध न नोंदवता रक्कम उचलली, त्याला हा अर्ज करताच येत नसे. पैसे नाकारायची गरज नव्हती. पावतीवर 'हक्क राखून, निषेधासह' एवढं लिहिलं की चेकही मिळायचा आणि कोर्टाचा रस्ताही मोकळा राहायचा. तालुक्याच्या कोर्टात रोज उभे राहणारे वकील माझ्या ओळखीचे होते. त्यातल्या एकाला त्या दिवशी शाळेत आणून बसवणं अजिबात अवघड नव्हतं. मी फोटोग्राफर आणला होता.

रांगेत एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा लावला, पावती वाचली आणि सहीच्या वर ती ओळ लिहिली. मला राग आला. भर कार्यक्रमात कुणी विरोधकाचा माणूस खोडा घालतो आहे असं वाटलं. "मास्तर, सरकार पैसे देतंय, त्याचाही निषेध?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. लोक हसले. "कायद्यात आहे साहेब," एवढं बोलून ते खाली उतरले. आमदार ज्या माणसावर असा चारचौघांत घसरला, त्याचं पाहून आपणही तसंच लिहावं, असं कुणाला वाटणार?

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारकडे भरावी लागत होती. पूर्ण चेक घरी गेला आणि लग्नात, सोसायटीच्या कर्जात, नव्या घराच्या पत्र्यांत संपला. भरण्याची वेळ आली तेव्हा अनेकांकडे काहीच उरलं नव्हतं. महाराष्ट्रानं पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालीच केला होता, कोयना धरणाच्या विस्थापितांच्या वाट्याला आलं ते पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये ही त्यामागची तळमळ होती. माझ्या भाषणांत कोयना नेहमी यायची.

पुढच्या निवडणुकीत मी निवडून आलो आणि नंतर राज्यमंत्री झालो. त्या काळात मास्तरांच्या दाव्याचा निकाल लागला. न्यायालयानं दर जवळपास दुप्पट केला. कायद्यात १९८४ साली कलम २८-अ आलं होतं. त्यानुसार एकाच अधिसूचनेतल्या एखाद्या खातेदाराला न्यायालयानं वाढ दिली, तर कलम १८खाली न गेलेले बाकीचे खातेदारही तोच दर मागू शकत होते. त्यासाठी त्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा होता. म्हणजे शाळेतल्या त्या दिवसाचं बरंचसं नुकसान भरून निघायची वाट होती.

मास्तरांनी मला मंत्रालयात पत्र पाठवलं. निकालाची प्रत जोडली, मुदतीची तारीख खाली रेघ मारून लिहिली आणि गावोगाव निरोप पोचवण्याची विनंती केली. लोक चार तालुक्यांत पांगले होते, मास्तरांना एकट्याला ते जमणारं नव्हतं. त्यांना आलेलं उत्तर असं होतं: आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे. खाली माझी सही. संध्याकाळी स्वीय सहायक असा गठ्ठा समोर ठेवायचा आणि मी फोनवर बोलत सह्या करत जायचो. हे पत्र मी वाचलं नाही. मुदत उलटली.

त्यानंतरची निवडणूक मी हरलो, तेव्हा मास्तरांनीच मला ते उत्तर दाखवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, तुम्ही वाचलं होतं का? मी नाही म्हणालो.

मग मी पुनर्वसित गावठाणात गेलो. ग्रामसभेला परवानगी मागून उभा राहिलो आणि पावती, निषेध, २८-अ, माझी सही, सगळं सांगितलं. अंगठा देणारे तात्या तोवर राहिले नव्हते. त्यांचा मुलगा पुढच्या ओळीत बसला होता. कमावती बागायत गेलेलं ते घर आता एमआयडीसीतल्या ठेकेदाराकडच्या मजुरीवर चालत होतं. तो उठून म्हणाला, "वडील म्हणायचे, आमदारांनी सांगितलं म्हणून केला." पुढे तो काही बोलला नाही, आणि मलाही बोलता आलं नाही.

एका बाईंनी विचारलं, आता काही होईल का? मी सांगितलं की कायद्यानं आता काही होणार नाही. खोटी आशा लावून मला जायचं नाही. त्या म्हणाल्या, "मग स्मशानाच्या शेडचं तरी बघा. पावसात चिता इझती."

नागरी सुविधांच्या मंजूर यादीत ती शेड होती. कागदावर पूर्ण झालेली. तो कागद मी तिथंच मागवून घेतला आणि पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सभेला वाचून दाखवला.