बेलपाडा ते फोर्ट, ऑर्गनच्या वाटेने

ऑर्गन हे वाद्य जागा सोडत नाही. चर्चच्या किंवा सभागृहाच्या भिंतीशी ते बांधलेले असते, त्याच्या नळ्या इमारतीची उंची पाहून उभ्या केलेल्या असतात आणि छताखालची घुमणारी हवा हाही त्याचाच एक भाग असतो. सतारवादक सतार घेऊन गावोगाव फिरतो. ऑर्गनवादकाला वाद्याकडे जावे लागते. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगीतशाळांत पाहुण्या ऑर्गनवादकांच्या मैफली होतात, त्या मूळ याच कारणाने. दोन ऑर्गन सारखे नसतात. म्हणून पाहुणा आधीच येऊन रिकाम्या सभागृहात बसतो, नळ्यांचे संच निवडणारा एकेक स्टॉप ओढून पाहतो, कोणत्या नळ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो ते ऐकतो आणि पाठ असलेली रचनाही त्या वाद्यापुरती नव्याने बसवतो. विद्यार्थी मैफलीतून जितके शिकतात, तितकेच या तयारीतून शिकतात.

ही रीत जुनी आहे. १७०५ मध्ये वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाटहून ल्यूबेकला गेला, तो बुक्सटेहुडे या वृद्ध वादकाचा ऑर्गन ऐकायला. वाट सुमारे चारशे किलोमीटरची आणि प्रवास पायी. रजा चार आठवड्यांची घेतली होती. परतायला जवळजवळ चार महिने लागले. पुढे डिसेंबर १७१७ मध्ये लाइपझिग विद्यापीठाच्या चर्चमध्ये नवा ऑर्गन बसला, तेव्हा तो तपासून घेण्यासाठी विद्यापीठाने बाहेरगावच्या याच बाखला बोलावले. विद्यापीठाने पाहुण्या ऑर्गनवादकाला दिलेले याहून मोठे आमंत्रण सांगता येणार नाही. ते चर्च ३० मे १९६८ रोजी पूर्व जर्मनीच्या राजवटीने सुरुंग लावून पाडले. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वूल्सी हॉलमधल्या ऑर्गनला साडेबारा हजारांहून अधिक नळ्या आहेत. असे वाद्य हलवणे म्हणजे इमारत हलवणे.

महाराष्ट्रात मात्र ऑर्गन फिरला. नाटक कंपनीच्या सामानाबरोबर, पडद्यांच्या आणि ट्रंकांच्या शेजारी ठेवलेली पायपेटी रेल्वेने गावोगाव गेली. मराठी माणसाच्या तोंडी ‘ऑर्गन’ हा शब्द येतो तो बहुधा तिच्यासाठीच. या दोन्ही ऑर्गनांची वाट एका दिवसात पाहून होते, आणि ती बेलपाड्यापासून धरता येते.

बेलपाडा हे पनवेल तालुक्यातले जुने गाव. आज ते खारघरच्या सेक्टरांत वेढले गेले आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईची आखणी झाली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी पाड्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेत आहे. गावाचे नाव आता मेट्रोच्या स्थानकावर वाचायला मिळते. नवी मुंबईची पहिली मेट्रो मार्गिका, बेलापूर ते पेंधर, १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. लांबी सुमारे अकरा किलोमीटर, स्थानके अकरा. बेलापूरकडून मोजले तर बेलपाडा तिसरे. अशा पाड्यांतून सुरांची ओळख होते ती भजनात. पखवाज, टाळ आणि मांडीजवळ घेतलेली पेटी ही कोकणातल्या देवळाची नेहमीची जुळणी. ही पेटी म्हणजे ऑर्गनच्या कुळातलेच लेकरू आहे, हे भजनी मंडळींच्या ध्यानात क्वचितच येत असेल.

मधे आरबीआय कॉलनी हे एक स्थानक सोडले की बेलापूर येते. इथला किल्ला सिद्दींनी बांधला, पुढे पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३३ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतला. सहाच वर्षांनी, १७३९ मध्ये, वसई पडली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. भीमाशंकरची घंटा अनेकांनी पाहिलेली असते. चर्चचा नाद मराठी कानांवर कायमचा आला तो असा, ऑर्गनच्या कितीतरी आधी.

बेलापूरहून हार्बरची लोकल सीवूड्स, नेरुळ, जुईनगर, सानपाडा करत वाशीला पोहोचते. वाशीत दोन वास्तू या विषयाच्या जवळच्या आहेत. एक विष्णुदास भावे नाट्यगृह. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे करणाऱ्या भाव्यांचे नाव त्याला दिले आहे. दुसरी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. एका ठिकाणी नाटक, दुसऱ्या ठिकाणी संगीताचे शिक्षण. आणि मराठी ऑर्गनचे आयुष्य या दोहोंच्या मधे गेले आहे.

या मंडळाची मुळे ज्यांच्या कामात आहेत ते विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. जन्म १८ ऑगस्ट १८७२. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम झाली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूच्या घरी पाणी भरून मिळणारी विद्या फी भरून, वर्गात बसून, परीक्षा देऊन मिळू शकते, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि सँडहर्स्ट रोडवर इमारत झाली. कर्जापायी पुढे ती हातची गेली. १९३१ मध्ये पलुसकर वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची नावे आज मराठी घरांत शाळेच्या इयत्तांसारखी बोलली जातात. संवादिनी, म्हणजे पेटी, हा त्यांतला एक विषय आहे. पायपेटीचे शिक्षण मात्र वर्गात झाले नाही. ते रंगमंचापुढच्या खड्ड्यात झाले.

ते कसे, हे समजायला वाद्याची रचना पाहावी लागते. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये हवा नळीत शिरते आणि नळी बोलते. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं यांनी १८४० च्या सुमारास ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, तिच्यात नळ्या नाहीत. पितळेच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात आणि सूर निघतो. भाता पायाने चालवायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. अमेरिकन घडणीच्या पायपेटीत हवा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढली जाते, त्यामुळे सूर अधिक मऊ येतो. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात मागे भाता असलेली हातपेटी तयार केली. ती स्वस्त होती, जमिनीवर बसून वाजवता येत होती, म्हणून देशभर पसरली. पण एक हात भात्याला गेला आणि वाजवायला एकच उरला. पायपेटीवर दोन्ही हात चालतात, सूर तुटत नाही, आणि ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात हजार माणसांच्या थिएटरात नटाच्या आवाजाखाली भरीव सूर धरून ठेवायला दुसरे काही नव्हते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले. पुढच्या तीस वर्षांत संगीत नाटक हा मराठी माणसाचा मुख्य छंद झाला. १९११ मध्ये ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे (१८८१–१९५५) मूळ पेटीवाले. साथीच्या वाद्याला त्यांनी एकल मैफलीचा मान मिळवून दिला. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीच्या वैभवाच्या काळात ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष असत. बालगंधर्व सुरात विसावत आणि खाली ऑर्गन तो सूर तेवता ठेवी. त्या गायकीचा लडिवाळपणा कितीही मोठा असला, तरी या वाद्याच्या आधाराशिवाय ती तशी घडली नसती. ऑर्गनवादकाचे हे ऋण मराठी नाट्येतिहासाने पुरेसे मानलेले नाही.

वाशी सोडली की गाडी ठाणे खाडीच्या पुलावर येते. १९९२ मध्ये मानखुर्द ते वाशी रेल्वे सुरू झाली, त्यापूर्वी या खाडीवरून लोकल जात नव्हती. कुर्ला, वडाळा, शिवडी मागे टाकून गाडी सँडहर्स्ट रोडला थांबते. पलुसकरांची हातची गेलेली इमारत ज्या रस्त्यावर होती, त्याचे जुने नाव या स्थानकाने जपले आहे. रस्ता आता सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाचा. याच्या पश्चिमेला गिरगाव आणि ग्रँट रोड, म्हणजे जुन्या थिएटरांचा मुलूख. ८ जुलै १९२१ रोजी तिथल्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक मंडळ्यांचे संयुक्त ‘मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीन महिन्यांनी केशवराव गेले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथीड्रल लागते. १७१८ च्या नाताळात ते प्रार्थनेसाठी उघडले. मुंबईच्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट येई तो चर्चगेट. दरवाजा १८६० च्या दशकात तटबंदीबरोबर गेला, नाव रेल्वेने ठेवले. या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन आहे, आणि बेलपाड्याच्या देवळातली पेटी ज्या कुळातली, त्या कुळातले थोरले घराणे इथे डोळ्यांनी पाहता येते. मुंबईच्या हवेत असे वाद्य राखणे सोपे नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, चामडे कुजते, वाळवी लागते, आणि उष्णतेबरोबर नळ्यांचा सूर हलतो. या हवेचा त्रास नाटक कंपन्यांच्या पायपेट्यांनाही झाला. फरक इतकाच की त्या दुरुस्त करणारे कारागीर गिरगावात होते.

तिथून ओव्हल मैदानाच्या काठाला मुंबई विद्यापीठ. स्थापना १८ जुलै १८५७. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडातले वास्तुकार. त्यांनी मुंबईला पाऊल न ठेवता राजाबाई टॉवरचा आराखडा केला. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचे नाव मिळाले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा २८० फूट उंच आहे. त्यातल्या घंटांतून एके काळी सोळा धून वाजत. विद्यापीठाच्या आवारात रोज ऐकू येणारे संगीत तेव्हाच होते. ते विषय म्हणून शिकवायला मात्र फार उशीर झाला. विष्णु नारायण भातखंडे याच विद्यापीठाचे पदवीधर. त्यांचे संगीत महाविद्यालय १९२६ मध्ये उभे राहिले ते लखनौला. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ मध्ये निघाला, विद्यापीठाच्या स्थापनेनंतर ११२ वर्षांनी. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे.

विद्यापीठे उशिरा जागी झाली आणि तोवर पेटीवर बहिष्कार पडून गेला होता. आक्षेप खरा होता: पेटीचे बारा सूर समान अंतराने बांधलेले, त्यात सुरांमधल्या सूक्ष्म श्रुती बसत नाहीत, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड निघत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी यावर उत्तर म्हणून श्रुतींची हार्मोनियम लंडनला करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत गवयांनी ती मान्य केली नाही. १ मार्च १९४० रोजी आकाशवाणीने पेटी बंद केली आणि ही बंदी १९७१ पर्यंत चालली. तीस वर्षे नभोवाणीवर जे वाद्य नाही, त्याचे घराणे कसे टिकावे? टिकले ते रंगभूमीमुळे आणि मैफलीच्या साथीमुळे. पी. मधुकर यांनी पेटीला स्वतःची भाषा दिली, गोविंदराव पटवर्धनांनी नाटकांच्या असंख्य प्रयोगांना ऑर्गनची साथ केली, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर मधुकरांकडे शिकून पद्मश्रीपर्यंत पोहोचले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली आहे; देवलांचा जुना प्रश्न त्यांनी पुन्हा हाती घेतला.

संगीतशाळेतल्या पाहुण्या वादकाची गरज इथेच दिसते. पायपेटीची विद्या पुस्तकात नाही. नट ऐनवेळी तान वाढवतो तेव्हा डावा हात काय करतो, पद संपून संवाद सुरू होताना सूर कुठे सोडायचा, भात्याचा दाब पायाने किती हलका ठेवला की आवाज मागे राहतो, हे नाटकात वाजवलेल्या माणसाच्या शेजारी बसूनच कळते. एक सप्रयोग व्याख्यान, मग तासाभराचे वादन, आणि शेवटी विद्यार्थ्यांनी गायलेल्या नाट्यपदांना पाहुण्याची साथ, एवढी व्यवस्था वर्षातून दोनदा झाली तरी ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती पडेल. वादक आज आहेत. लागतो तो विभागाच्या मालकीचा, सुरात ठेवलेला एक ऑर्गन. कारण पाहुण्याला वाद्य पाठीवर घेऊन यायला सांगणे या वाद्याच्या स्वभावातच बसत नाही.

जुन्या मराठी घरांत, नाट्यमंडळांच्या गोदामांत, देवळांच्या माळ्यावर बंद पडलेल्या पायपेट्या अजून आहेत. ज्यांच्याकडे अशी पेटी असेल त्यांनी ती भंगारात देऊ नये. भाते नवे बसतात, पट्ट्या घासून सुरात येतात. जवळच्या संगीत विद्यालयाला कळवावे आणि ती पेटी तिथे पोचवावी.